परसातली होडी



कोकणातल्या घराच्या परसात काय काय असतं, ते आपणांस सांगायला नको. विहीर, शेवग्याचं झाड, चार माड, अळूचं बेट, एखादी गाय. माझ्या परसात या सगळ्यांच्या जोडीला दोन वर्षं एक होडी पालथी पडून होती. ती तिथं कशी आली, तिच्यावर मी काय काय उद्योग केले, त्यांतला पहिला उद्योग कसा अंगाशी आला आणि दुसऱ्यानं काय साधलं, ते आज सांगावं असं योजलं आहे. होडीच्या कामाचा मी जाणकार नव्हे. शाळेत मुलांना विज्ञान आणि कार्यानुभव शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. तेव्हा चुका करून थोडंफार शिकलेल्या एका मास्तराचं हे बोलणं आहे, एवढं ध्यानात ठेवून ऐकावं.

आमचं गाव वाघोटण खाडीच्या काठी. ही खाडी विजयदुर्गापाशी समुद्राला मिळते. गिर्ये गावाच्या बाजूला या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची कातळात खोदलेली जुनी गोदी आहे. म्हणजे तारू पाण्याबाहेर काढून त्याची डागडुजी करणं या काठाला नवं नाही. माझी होडी मात्र गलबत नव्हे, की मासेमारीची होडीही नव्हे. ती शर्यतीची, शिडाची, चिमुकली होडी, 'एंटरप्राइज' या जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आराखडेकारानं १९५६ साली ही होडी आखली, ती मुळी हौशी माणसाला घरच्या घरी प्लायवूडची बांधता यावी म्हणून. लांबी सव्वातेरा फूट, बसायला दोन माणसं आणि दोन निळी शिडं. पुढं तीच होडी फायबरची होऊ लागली. आपल्याकडे नौकानयनाच्या क्लबांत आणि सैन्यदलांत ती पुष्कळ वापरली गेली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा त्यांतला एक गट याच होड्यांचा होता.

अशी एक जुनी होडी एका क्लबानं भंगारात काढली होती. नातेवाइकांकडे गेलो असता ती मला दिसली. सात-आठ पावसाळे उघड्यावर, उताणी पडलेली. आत पाणी, पाण्यात पानं, पानांत बेडकं. डोलकाठी ॲल्युमिनियमची म्हणून शाबूत, शिडांना मात्र उंदीर लागलेले. भंगाराच्या भावानं ती मी विकत घेतली आणि मे महिन्यात टेम्पोवर घालून घरी आणली.

शेजारीपाजारी जमले. कुणी म्हणालं, गुरांना पाणी पाजायला बरी आहे. आमच्या वाडीत एक वयोवृद्ध तांडेल आहेत. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेरानं दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं, आणि मागच्या पाटीपाशी येऊन थांबले. म्हणाले, "मास्तरांनू, ही हयसर मुकी हा."

'ही इथं मुकी आहे.' श्रोतेहो, या एका वाक्यात होडीचं सगळं दुखणं आलं होतं. ते समजण्यासाठी फायबर म्हणजे काय, हे थोडं सांगितलं पाहिजे.

आपण ज्याला नुसतं फायबर म्हणतो, त्यात दोन वस्तू असतात. एक काचेचे अगदी बारीक धागे आणि दुसरी त्यांना धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझीन. काचेचा तावदानाएवढा तुकडा ठिसूळ असतो, पण तीच काच केसाहून बारीक ओढली की ओढीला विलक्षण चिवट होते. मात्र धाग्याला स्वतःचा आकार नाही. राळेला आकार देता येतो, पण ती एकटी ठिसूळ. दोन्ही एकत्र झाली की ताण धागे सोसतात आणि राळ धाग्यांना जागचं हलू देत नाही. आपल्याकडे कुडाची भिंत घालताना चिखलात भाताचं काड मिसळतात, त्यातलंच हे तत्त्व. अमेरिकेत ओहायो प्रांतातल्या रे ग्रीन यांनी १९४२ साली या रीतीनं एक लहान शिडाची होडी केली, ती या प्रकारातल्या अगदी पहिल्या होड्यांपैकी एक मानतात. दुसरं महायुद्ध संपल्यावर हे काम वाढीस लागलं. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात ट्रायटन नावाची अठ्ठावीस फुटी फायबरची शिडाची बोट मांडली गेली, आणि तिथून अशा बोटी शेकड्यांनी बांधल्या जाऊ लागल्या. आज आपल्या किनाऱ्यावरसुद्धा लाकडी होड्यांच्या बरोबरीनं फायबरच्या होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात.

फायबरला कीड लागत नाही, वाळवी लागत नाही, ते कुजत नाही. म्हणूनच पन्नास-साठ वर्षांपूर्वीची अशी कवचं अजून टिकून आहेत. मग अशी होडी मोडते कशी? तर बहुतेक वेळा ती फायबर नसलेल्या जागी मोडते. जिथं जास्त बळकटी हवी, उदाहरणार्थ मागची पाटी, जिच्यावर सुकाणू टांगलेलं असतं, किंवा डोलकाठीची बैठक, तिथं कारखान्यात फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूडची फळी घालतात. त्या फळीत स्क्रू मारतात. स्क्रूच्या भोकाशी लावलेलं लुकण वर्षा-दोन वर्षांनी सुकतं आणि तिथून थेंबथेंब पाणी आत जातं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नाही. वरून कवच चकचकीत, आतली फळी मात्र भिजून भिजून कुजलेली. आणि इथं एक गंमत आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकडाला जास्त कुजवतं, कारण लाकूड खाणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. म्हणून होडी समुद्रात असते त्यापेक्षा काठावर उताणी पडून पावसाचं पाणी पीत असते, तेव्हा जास्त नासते. आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, त्यामागं हेच शहाणपण आहे.

फायबरमध्ये लाकूड घालणं हाच दोष, असं मात्र कुणी समजू नये. गोव्यात बांधलेली नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची नौका लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर फायबर अशीच आहे. त्याच नौकेतून २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. टॉमी तर वाटेत कुठंही न थांबता. पाण्याला आत शिरायला वाट नसेल तर लाकूड टिकतं. वाट ठेवली तर ते टिकत नाही.

आता तांडेलांच्या पेराकडे येऊ. फणस पिकला की नाही, हे आपण ठोकून ओळखतो. नारळ हलवून कानाशी धरतो. फायबरचंही तसंच. रुपयाच्या नाण्यानं हलके हलके ठोकत गेलं, तर जिथं थर एकमेकांना घट्ट धरून आहेत, तिथं टणक, खणखणीत आवाज येतो. जिथं थर सुटले आहेत किंवा आतलं लाकूड भिजलं आहे, तिथं आवाज बद्द येतो, बसून जातो. माझ्या होडीची मागची पाटी जवळजवळ सगळी बद्द होती.

हे मला कळलं होतं, श्रोतेहो. ते तांडेलांनी मला सांगितलं होतं आणि मी स्वतः नाण्यानं ठोकून पाहिलं होतं. तरी मी काय केलं, ते आता सांगतो.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात सोडायची, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. शाळेत मुलांना सांगितलं होतं. माझा पुतण्या तेव्हा आठवीत होता. तो तर रोज शाळेतून आला की दप्तर फेकून परसात हजर. पाटी उघडायची म्हणजे महिन्याभराचं काम, आणि जून लागला होता. दमट हवेत रेझीन नीट धरत नाही, भिजलेलं लाकूड सुकत नाही. नियमानं पाहता काम दिवाळीपर्यंत थांबवायला हवं होतं. पण तोंडातून शब्द गेला होता. मी सुकाणूच्या बिजागऱ्यांचे जुने स्क्रू काढले, त्यांच्या भोकांत पुट्टी भरली, थोडे जाड स्क्रू घेऊन पुन्हा तिथंच पिळले आणि वरून पांढराशुभ्र रंग दिला. होडीच्या दोन्ही कडांना हवेचे बंद कप्पे असतात. होडी कलंडली तर त्यांच्यामुळं ती बुडत नाही. त्यांच्या झाकणांच्या जुन्या रबरी कड्या तशाच ठेवल्या. होडी दिसायला इतकी देखणी झाली की विचारू नका.

एके दिवशी पुतण्यानं विचारलं, "काका, तांडेल आजोबा म्हणाले होते ती जागा?"

मी म्हणालो, "ती मी बघितली आहे."

हे वाक्य खोटं नव्हतं. मी ती जागा बघितली होती. पण मुलाला जे समजायचं होतं ते त्यातून समजलं नाही, आणि ते समजू नये म्हणूनच मी तसं बोललो होतो. आम्ही शिक्षक मंडळी शब्दांत वाकबगार असतो.

नारळी पौर्णिमा उजाडली. पौर्णिमा-अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर साधारण दुपारच्या सुमाराला भरती पुरी होते आणि मग ओहोटी लागते. ही उधाणाची ओहोटी. त्यात श्रावणातलं डोंगराचं पाणी खाडीतून खाली येत असतं. सागराला नारळ अर्पण करण्याचा कार्यक्रम आटोपला आणि आम्ही दोघं होडीत बसलो. दोघांच्याही अंगात तरंगती जाकिटं होती. या सबंध हकिकतीत मी शहाणपणानं केलेली गोष्ट ही एवढीच.

पहिली पंधरा मिनिटं स्वर्गसुख होतं. मग पश्चिमेकडून वाऱ्याचा एक झोत आला. होडी वळवण्यासाठी मी सुकाणू दाबलं, आणि हातातला दांडा एकदम हलका झाला. खालची बिजागरी स्क्रूंसकट पाटीतून निघून आली होती. भिजलेल्या चिपाडातून खिळा निघावा, तशी. होडी आपणहून फिरली, शिडाचा खालचा वासा एका कडेकडून दुसऱ्या कडेला धाडकन गेला आणि आम्ही दोघं पाण्यात.

अशी होडी कलंडणं ही नित्याची गोष्ट आहे. तिच्या पोटाखाली एक पातं असतं. त्यावर उभं राहून भार दिला की ती पुन्हा सरळ होते. आम्ही ती सरळ केलीही. पण उजव्या कप्प्याच्या झाकणातून पाणी आत शिरलं होतं. होडी एका अंगानं जड झाली आणि पुन्हा लवंडली. दुसऱ्यांदा तेच. आणि ओहोटी आम्हांला समुद्राच्या दिशेनं ओढत होती. मी मुलाला एवढंच सांगत होतो की होडी सोडू नकोस. तो रडला नाही. एकदा फक्त म्हणाला, "काका, बिजागरी कशी निघाली?" त्या पाण्यात माझ्याजवळ त्याचं उत्तर नव्हतं, म्हणजे होतं, पण ते सांगण्याची छाती नव्हती.

तांडेलांचा मुलगा इंजिनाची होडी घेऊन आला आणि त्यानं आम्हांला उचललं. सगळं मिळून वीसेक मिनिटं झाली असतील. घरी आलो. भावजय दारात उभी होती. तिनं मुलाला पोटाशी धरलं, त्याचं डोकं पुसलं. मला ती एका शब्दानंही बोलली नाही. थोड्या वेळानं चहाचा पेला आणून माझ्यापुढं ठेवला. तो चहा मला अजून आठवतो.

त्या रात्री मी भाऊ-भावजय आणि पुतण्या यांना बसवून सगळं सांगितलं. पाटी कुजलेली आहे हे मला ठाऊक होतं, हे सांगितलं. मुलगा ऐकून घेत राहिला. मग उठून झोपायला गेला. पुढं कितीतरी दिवस तो परसाकडे फिरकला नाही. होडी फणसाखाली पालथी पडून राहिली. मीही तिच्याकडे बघत नव्हतो.

दिवाळी झाली. हवेत कोरडेपणा आला. एका रविवारी मी कानस, पटाशी आणि करवत घेऊन बसलो. होडी विकून टाकता आली असती, पण ज्याला विकणार तोही तिच्यात बसणार होता. जाळून टाकावी म्हटलं, तर फायबर जळताना काळा, विषारी धूर होतो, आणि पुरलं तर ते मातीत कधी मिसळत नाही. शेवटी दुरुस्त करणं एवढाच मार्ग उरला.

आता ही दुसरी दुरुस्ती जरा तपशीलवार सांगतो, कारण ज्यांच्याकडे फायबरची होडी, टाकी किंवा पत्रा आहे, त्यांना तिचा उपयोग होईल.

पहिलं काम उघडण्याचं. पाटीच्या आतल्या बाजूचा फायबरचा थर मी कापून काढला, बाहेरचा तसाच ठेवला म्हणजे आकार हलत नाही. आतून निघालेलं लाकूड हातानं पिळलं तर पाणी गळत होतं. ते सगळं काढलं. जरा बरं दिसतं म्हणून एक कोपरा ठेवावासा वाटला, त्यावर पटाशी टोचली, ती आरपार गेली. तोही काढला. मग चार आठवडे काहीही केलं नाही. वाळू दिलं. अशा कामात सगळ्यांत अवघड भाग म्हणजे काही न करता थांबणं.

दुसरं काम घासण्याचं. नवा थर जुन्यावर बसतो तो जुना खरबरीत असेल तरच. जिथं नवं फायबर जुन्याला मिळतं, तिथं एकदम पायरी ठेवायची नाही, उतार द्यायचा. थर जेवढा जाड, त्याच्या बारापट लांबीचा उतार, हा या कामातला चांगला नियम आहे. म्हणजे पाव इंच जाडीला तीन इंच उतार. ही घासणी करताना काचेची भुकटी उडते. ती अंगाला खाजते, आणि फुप्फुसात गेली तर घातक. नाकातोंडावर नुसता रुमाल बांधून भागत नाही. धुळीचा चांगला मुखवटा, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. लहान मुलांना तेव्हा जवळ येऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट राळेची. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक पॉलिएस्टर, ते स्वस्त, आणि बहुतेक होड्या त्याच्याच असतात. त्यात हार्डनर शेकडा एक ते दोन या प्रमाणात घालतात. हवा गार असेल तर थोडा जास्त, ऊन असेल तर थोडा कमी. हा हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. तो आणि रेझीन लवकर धरावं म्हणून घालतात तो कोबाल्टचा द्राव, हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. दुसरा प्रकार इपॉक्सी. ते महाग, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं. त्याचा हार्डनर मात्र डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घालायचा. लवकर धरावं म्हणून जास्त घातला, तर काम कायमचं चिकट आणि कच्चं राहतं. मी इपॉक्सी घेतलं. आणि एक लक्षात ठेवावं की इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टरचा थर नीट धरत नाही. म्हणून एकदा इपॉक्सी वापरलं की वरचे थरही त्याचेच, आणि त्यावर रंग.

कुठलंही रेझीन एकदम पुष्कळ कालवू नये. भांड्यात दाट जमलं की ते आपल्याच उष्णतेनं तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. मी नारळाच्या करवंटीत मावेल एवढंच एका वेळी कालवत असे. सकाळी दव सुकल्यावर, ऊन तापण्यापूर्वी, नऊ ते अकरा ही वेळ मला सोयीची पडली. आणि डोळ्यांच्या अंदाजानं माप घ्यायचं नाही. सोनाराच्या असतो तसा लहान तराजू आणला.

पाटीत चांगल्या प्रतीची, पाण्याला टिकणारी नवी प्लायवूडची फळी घातली. घालण्यापूर्वी तिला चहूबाजूंनी, विशेषतः कडांना, इपॉक्सी पाजलं. तिच्यावर काचेच्या विणलेल्या कापडाचे थर दिले आणि प्रत्येक थरातली हवा रूळ फिरवून काढली, कारण आत अडकलेला बुडबुडा म्हणजे उद्याची मुकी जागा.

आणि आता बिजागरीची भोकं. हीच तर खरी चोरवाट. बोल्टाला लागतं त्याहून मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीच्या लुकणानं गच्च भरायचं, आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. भोवती इपॉक्सीची नळी राहते. उद्या लुकण सुकलं, पाणी झिरपलं, तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घातले, आतून स्टीलची पट्टी दिली.

हवेच्या कप्प्यांना नवी झाकणं बसवली. मग प्रत्येक कप्प्यात सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा भरली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. पंक्चर काढणारा काढतो तशी परीक्षा. डाव्या कप्प्याला, ज्यावर माझा भरवसा होता, त्यालाच एका कोपऱ्यात बुडबुडे आले.

हे काम मी करत असताना फेब्रुवारीत एके दिवशी मागं सावली पडली. पुतण्या उभा होता. म्हणाला, "काका, मी धरू का काही?" मी त्याला तराजू धरायला दिला. त्यानंतर मापं त्यानंच घेतली. प्रत्येक वेळचं वजन, वेळ आणि हवा त्यानं एका वहीत टिपून ठेवली. एका सकाळी मी घाईनं हार्डनर ओतला, तर म्हणाला, "चार ग्रॅम जास्त झालं, काका. हे नको वापरायला." मी ते टाकून दिलं. पैसे गेले, पण मला बरं वाटलं.

एप्रिल महिन्यात काम झालं. या खेपेला तारीख आधी कुणाला सांगितली नव्हती. पुतण्यानं खिशातून नाणं काढलं आणि होडी सगळी ठोकून पाहिली. पाटी, बैठक, कडा, तळ. एके ठिकाणी तो थांबला. तळाला, उजव्या अंगाला, तळहाताएवढ्या जागी आवाज जरा बसलेला होता. मी म्हणालो, "तिथं लाकूड नाही, जुन्या दुरुस्तीचे थर जरा सुटले असावेत. जोर यायची जागा नाही ती. पण खात्री देत नाही." तो म्हणाला, "मग उघडू या." आम्ही ती जागा उघडली, घासली, भरली. त्यात आणखी दोन आठवडे गेले.

मग भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती-ओहोटीला ओढ नसते, कमरेएवढ्या पाण्यात आम्ही होडी नेली आणि मुद्दाम कलंडवली. एकदा, दोनदा, पाच वेळा. उभी केली, आतलं पाणी काढलं, कप्पे उघडून हात घालून पाहिले. दोन्ही कोरडे. काठावर तांडेल उभे होते. त्यांनी मागच्या पाटीवर पेरानं ठोकलं आणि मान हलवली. म्हणाले, "वरसून रंग लावन व्हडी बरी होणा नाय, मास्तरांनू. आता बोलता ती."

त्या दिवशी भावजयही काठावर आली होती. मी तिला म्हणालो, "आज मुलाला घेऊन जात नाही. तू सांगशील तेव्हा." ती म्हणाली, "त्यालाच विचारा. वही त्याच्याकडे आहे." आणि वही तिनं वाचली होती, असं मला मागाहून समजलं.

खर्चाचं विचाराल, तर होडीच्या किमतीच्या तिप्पट पैसे दुरुस्तीत गेले आणि दोन वर्षांतले बहुतेक रविवार गेले. तेवढ्यात काय मिळालं, असं कुणी विचारील. आमच्या शाळेतली काही मुलं आता वाऱ्याची दिशा बघून सांगतात, पंचांगातली तिथी पाहून भरतीची वेळ काढतात, शेकडेवारीचं गणित तराजूवर करून दाखवतात. पण शिक्षक बंधुभगिनींना मला सांगायचं आहे ते याहून निराळं आहे. मुलांना हातानं करायचं काम द्या, पण काम झाल्यावर त्यांनी ते ठोकून पाहावं, अशी मुभाही द्या. आपण केलेलंसुद्धा. आणि एखाद्या मुलानं विचारलं, 'गुरुजी, ती जागा?' तर 'मी बघितली आहे' असं म्हणू नका. जे बघितलं असेल, ते सांगा.

यंदाच्या पावसाळ्यात होडी फणसाखाली पालथी आहे. झापांनी शाकारली आहे. खालून वारा खेळावा म्हणून दोन ओंडक्यांवर ठेवली आहे. पुतण्या आता शिकायला बाहेरगावी असतो. पत्र येतं, किंवा फोन येतो, तेव्हा शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो, "काका, ठोकून पाहिलीत का?"

पाहिली आहे. डोलकाठीच्या बैठकीपाशी थोडी शंका वाटते. दिवाळीनंतर उघडीन म्हणतो.